ठिकाण पक्कं करण्याआधी कळव्याला जाऊन या

प्रश्न : ताई, येत्या मार्चमध्ये मला साठ वर्षं पूर्ण होतील. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, १९८३ ची दहावीची बॅच. मी ठाण्यात पाचपाखाडीत राहते, एक नेरूळला, एक डोंबिवलीला आणि एक कळव्याला. साठी चौघींनी मिळून परदेशात करायची, हे पन्नाशीतच ठरलं होतं. माझी साठी पहिली, म्हणून मार्चमध्येच जायचं म्हणतोय. व्हिएतनाम जवळजवळ नक्की आहे. नेरूळच्या मैत्रिणीने एका टूर कंपनीकडून आठ रात्रींचं पॅकेज काढलंय, माणशी एक लाख चाळीस हजार. ती बँकेतून व्हीआरएस घेतलेली, डोंबिवलीची शिक्षिका होती, मीही गेल्या वर्षी निवृत्त झाले. पण घरात अडचणी आहेत. यजमान म्हणतात, साठीशांत घरीच व्हायला हवी, परदेशात मैत्रिणींबरोबर कसली साठी? सासूबाई सत्त्याऐंशीच्या आहेत, त्यांना कोणावर सोडून जाऊ? डोंबिवलीच्या मैत्रिणीचा गुडघा बदललाय, तिला झेपेल का? कळव्याची मैत्रीण पोळी-भाजीचे डबे करते, बहुतेक कॉलेजच्या मुलांचे. ती कामात असते, हल्ली ग्रुपवर नुसता अंगठा पाठवते. आम्ही जावं का? आणि गेलो तर काय काय बघून ठेवावं?

नमस्कार ताई,

जावं का, याचं उत्तर आधी देते. जा. तुमच्या आईची हाक अजून ज्यांच्या कानात आहे, माहेरच्या आडनावाने तुम्हाला ज्या आजही हाक मारतात, अशा या तिघी. लग्नानंतर त्यांच्याबरोबर सलग आठ दिवस तुम्हाला कधी मिळाले? एखादं हळदीकुंकू, कुणाच्या मुलाचं लग्न, तलावपाळीवर तासभर, तेवढंच. साठीला एवढं मागायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यजमान, सासूबाई आणि गुडघा यांची वाट निघेल, त्याबद्दल पुढे लिहितेच. मी अडले ती कळव्याच्या मैत्रिणीपाशी. तिच्याबद्दल तुम्ही जेमतेम दोन वाक्यं लिहिलीत, आणि ‘कामात असते’ म्हणून पुढे गेलात. ताई, कामात असलेली मैत्रीणसुद्धा आपल्या साठीच्या सहलीबद्दल एखादा शब्द लिहिते. जी नुसता अंगठा पाठवते, तिला बहुतेक काहीतरी सांगायचं असतं आणि ग्रुपवर सांगता येत नसतं.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. सात वर्षांपूर्वी माझ्या साठीला आम्ही पाच जणी सिंगापूरला गेलो होतो. पॅकेजचे पैसे पाचही जणींनी सारखे भरले, त्यामुळे प्रश्नच नाही असं आम्ही धरून चाललो. तिथे गेल्यावर रोज संध्याकाळी काहीतरी निघायचं. एक दिवस नाइट सफारी, एक दिवस सिंगापूर फ्लायर, एक दिवस मरिना बेला बाहेर जेवण. सगळं पॅकेजबाहेरचं. आमच्यातली एक रोज म्हणायची, ‘तुम्ही जा गं, माझं डोकं दुखतंय’, नाहीतर ‘मला भूकच नाही.’ आम्हाला वाटलं, हिला प्रवास सोसत नाहीये. चौथ्या रात्री मी शाल विसरले म्हणून लिफ्टमधून परत वर आले. दार उघडलं, तर ती पलंगावर घरून आणलेला पेपर पसरून बसली होती. पुढ्यात दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. दशमी चार दिवसांत कडक झाली होती, ती पेल्यातल्या पाण्यात बुडवून मऊ करून घेत होती. मला बघून दचकली. मग म्हणाली, ‘ये ना, घे अर्धी.’ मी बसले, अर्धी दशमी खाल्ली आणि शाल घेऊन खाली गेले. खाली तिघी टॅक्सी थांबवून उभ्या होत्या. मी त्यांना काही बोलले नाही, आणि तिच्याशीही बोलले नाही. या दोन्ही गोष्टींचं मला आजही वाईट वाटतं.

परत आल्यावर ती आमच्या भिशीतून बाहेर पडली. दोन वर्षांनी मी तिच्या घरी जाऊन विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, ‘पैसे कमी होते याचं नाही वाटलं मला. आज संध्याकाळी काय कारण सांगायचं, हे सकाळपासून शोधावं लागायचं. त्याने थकले मी.’

म्हणून सांगते, ठिकाण, हॉटेल, तारखा, काहीही पक्कं करण्याआधी कळव्याला जा. एकटीच जा, तिघी मिळून नको. फोन नको आणि ग्रुपवर तर मुळीच नको. आणि आधी थोडा तिच्या बाजूने हिशेब मांडून बघा. एक लाख चाळीस हजार हा आकडा तुम्हा तिघींसाठी सहलीचा खर्च आहे. तिच्यासाठी तिथून सुरुवात होते. आठ-दहा दिवस डबे बंद म्हणजे तेवढ्या दिवसांची कमाई बंद. तेवढ्यात मुलं दुसरीकडे डबा लावतात, आणि एकदा दुसरीकडे लागलेला डबा परत येईलच असं नाही. तुम्ही हनोईत असाल तेव्हाही तुमची पेन्शन खात्यात जमा होईल. तिचं तसं नाही, तव्यासमोर ती उभी राहिली तरच तिच्या घरात पैसा येतो.

त्यात पॅकेजबाहेरचं वेगळंच. व्हिसा, विमा, टिपा, मध्यरात्री ठाण्याहून सहारच्या विमानतळावर जायची टॅक्सी, बरी बॅग, चालायचे बूट, घरच्यांसाठी काहीतरी आणणं. हौसेने चौघींनी सारखे टी-शर्ट छापून घ्यायचं निघालं, तर तेही. परदेशाच्या पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस घेते. तो खर्च नसतो, आगाऊ भरलेला कर असतो आणि रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. पण जिने कधी रिटर्नच भरलेलं नाही तिचे पैसे कितीतरी महिने अडकतात, आणि ते सोडवायला पुन्हा कुणाची तरी मदत मागावी लागते. टूर कंपनीकडून ‘घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत’ असा एकच आकडा लिहून मागा, सगळं धरून. नुसत्या पॅकेजच्या आकड्यावर कुणीही हो म्हणू नका.

तिच्याकडे गेल्यावर ‘पैशांचं काही असेल तर मी आहे ना’ हे वाक्य तेवढं टाळा. मनापासून म्हटलेलं असलं तरी त्यापुढे तिला फक्त ‘नाही गं, तसं काही नाही’ एवढंच म्हणता येतं आणि बोलणं तिथेच संपतं. साधं सांगा, ‘ठिकाण अजून ठरलेलं नाही. चौघींना झेपेल तेच करायचंय. तुझ्या डब्यांचं गणित मला कळत नाही, ते तू सांग.’ आणि मग गप्प बसा. तिला वेळ लागेल. मध्ये ती चहा टाकायला उठेल, उठू द्या.

आणि मी पैसे पैसे म्हणतेय, तरी कारण वेगळंही निघेल. तिचा पासपोर्टच नसेल. मुलाला किंवा सुनेला आवडणार नसेल. विमानाची भीती असेल. रात्री तीनदा उठावं लागतं, शिंकलं-खोकलं की थेंब जातो, आणि खोली दुसरीबरोबर वाटून घ्यायची म्हटल्यावर संकोच वाटत असेल. आपल्या वयात हे कितीतरी जणींना असतं आणि जवळच्या मैत्रिणीलाही सांगितलं जात नाही. त्याला डॉक्टरांकडे उपाय आहेत, व्यायाम आहेत, पॅड आहेत, आणि नाहीच जमलं तर तिला वेगळी खोली घेता येते. पण आधी ते कळायला हवं.

पैशांचंच कारण निघालं तर मला सुचतं ते असं. चौघींची एक भिशी सुरू करा, फक्त या सहलीची. महिन्याला किती जमेल ते आधी तिने सांगायचं, आणि तिचा आकडा तोच चौघींचा आकडा. आता जून चालू आहे. मार्चपर्यंत दहा हप्ते होतात. आठ हजार जमले तर माणशी ऐंशी हजार होतात, आणि तेवढ्यात साध्या स्वच्छ हॉटेलात राहून सहा रात्रींचं व्हिएतनाम आजच्या भावात बसवता येतं. तिकिटं मात्र आधी काढायला हवीत, दोन रात्री कमी करायला हव्यात आणि चार तारांकितचा हट्ट सोडायला हवा. पैसे ठेवायला नेरूळच्या ताई आहेतच, त्यांनी बँकेत रिकरिंग काढावं. ती पाचच हजार म्हणाली तर पन्नास हजारांत काय होतं ते बघा, चार-पाच दिवसांचं थायलंड किंवा श्रीलंका बघा. व्हिएतनामचा काही नवस बोललेला नाही. आणि तेही जमत नसेल तर परदेश सोडा, कोकणात जा, हंपीला जा. दहा वर्षांपूर्वी तुम्ही दोन गोष्टी ठरवल्या होत्या, चौघींनी जायचं आणि परदेशी जायचं. दोन्हीतली एक सोडायची वेळ आली तर परदेश सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला तिच्यासाठी काही खर्च करावासा वाटेल, ते मी समजू शकते. तिच्या पॅकेजमध्ये गुपचूप भर घालू नका. या गोष्टी लपत नाहीत, आणि कळल्यावर तिला सगळी सहल आठवून आठवून खुपेल. त्यापेक्षा आपल्याकडची रीत आहे ती वापरा. ज्याचा वाढदिवस, त्याची पार्टी. ‘व्हिएतनाममधल्या होई आन गावची हॉटेलं माझ्याकडून, माझी साठी आहे’ असं तिघींनाही एकदम सांगा. बँकवालीलाही तेच आणि डबेवालीलाही तेच. यात कुणी कुणाचं मिंधं होत नाही. रक्कम मात्र एवढीच ठेवा, की पुढे आपापल्या साठीला त्या तिघींनाही असं काही करावंसं वाटलं तर जमेल.

आणि एक सामायिक पाकीट ठेवा. पहिल्या दिवशी चौघींनी सारखे पैसे त्यात घालायचे आणि टॅक्सी, पाणी, कॉफी, जेवण, टिपा, सगळं त्यातून द्यायचं. ते पाकीट कळव्याच्या मैत्रिणीकडे द्या, तिची हरकत नसेल तर. रोज किलोभर भाजीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंतचा हिशेब तीच करते, तुम्हा चौघींत या कामाला तिच्याइतकं तयार कुणी नसेल. कुठे बसून जेवायचं हे मग आपोआप तिच्या अंदाजाने ठरेल, आणि डोकेदुखीचं कारण तिला शोधावं लागणार नाही.

मार्चचाच आग्रह धरू नका, हेही सांगते. साठीचं वर्ष तुम्हा चौघींचं आहे. डबे कॉलेजच्या मुलांचे असतील तर परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात आणि तिचं काम तसंही कमी होतं. एप्रिलच्या मध्यावर तिला सोपं जात असेल तर एप्रिल धरा. फक्त ३० एप्रिल आणि १ मे टाळा, तेव्हा व्हिएतनाममध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि तिथलीच माणसं फिरायला निघतात, हॉटेलं भरतात. एप्रिलला ऊन असतं, पण होई आनकडे पाऊस नसतो. तिथे पुराची भीती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे दिवाळीनंतर जाऊ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

आता घरचं. वाढदिवस दोन असतात ना ताई, तिथीचा आणि तारखेचा. तिथीला घरी साठीशांत करा. यजमानांनी, मुलांनी, सासूबाईंनी साठ दिव्यांनी ओवाळावं, सगळं रीतसर होऊ दे. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, तुमचं कौतुक त्यांनाही करायचंय. तारखेची साठी मैत्रिणींची. मग ती तारीख पुढे एप्रिलमध्ये गेली तरी चालेल. ‘जाऊ का’ असं विचारण्यापेक्षा ‘तिथीला घरी, नंतर मैत्रिणींबरोबर’ असं ठरवून सांगितलंत तर यजमानांनाही हो म्हणायला सोपं जाईल, असं मला वाटतं.

सासूबाईंसाठी ब्यूरोतून बाई ठेवा, पण तुम्ही निघाल त्या दिवसापासून नको. पंधरा दिवस आधीपासून. सत्त्याऐंशीव्या वर्षी नव्या हाताने आंघोळ घालून घेणं अवघड जातं, तुम्ही घरात असताना त्या दोघींची ओळख होऊ दे. औषधांचा आठवड्याचा डबा भरून ठेवा, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावा. आणि यजमानांनी आईपाशी राहायचं हे गृहीत धरा, विनंती करायची गरज नाही. त्यांच्या आई आहेत.

त्याआधी, साधारण डिसेंबरात, चौघी दोन रात्री अलिबागला जाऊन या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोट आहे, गुडघ्यालाही त्रास नाही. घरी तुमच्याशिवाय कसं चालतं ते कळेल. कोण घोरतं, कुणाला पहाटे पाचला चहा लागतो, कोण आंघोळीला तास लावतं, हेही तिथेच कळेल. चाळीस वर्षांची ओळख असली तरी चौघी एका खोलीत कधी राहिला नसाल.

गुडघ्याचं मला फारसं भय वाटत नाही. शिक्षिकाबाईंनी आधी त्यांच्या सर्जनला विचारून घ्यावं. तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. पाचेक तासांचं विमान आहे, तासाभराने उठून चार पावलं टाकायची, चौघींनीही. होई आनचं जुनं गाव सपाट आहे आणि दिवसाचा बराच वेळ तिथल्या गल्ल्यांत मोटारी-स्कूटर सोडत नाहीत, त्यामुळे निवांत चालता येतं. ‘हा लाँग’च्या उपसागरात जपा. तिथल्या गुहांना पायऱ्या आहेत, आणि तीतॉप बेटावर तर चारशेच्या आसपास. त्यांनी खाली किनाऱ्यावर बसावं आणि एकीने त्यांच्याबरोबर बसावं, आळीपाळीने. बोटीत चढता-उतरताना हात द्यायला माणूस असतो, तो हात घ्यायचा.

मी स्वतः गेल्या वर्षी बहिणीबरोबर व्हिएतनामला जाऊन आले, म्हणून थोडं लिहिते. तीन रात्री हनोई आणि तीन रात्री होई आन एवढं पुरे. हनोईहून विमानाने दा नांग, तिथून गाडीने तीसेक किलोमीटरवर होई आन. हनोईत रस्ता ओलांडणं ही पहिली परीक्षा. स्कूटरींचा लोंढा थांबतच नाही. तिथल्या एका आजीने माझं मनगट धरलं आणि आम्हाला पलीकडे नेलं. धावायचं नाही, मध्येच थांबायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. संथ, एकसारखं चालत राहायचं, स्कूटरवाले आपल्या बाजूने वळवून घेतात. चौघी एका रांगेत हात धरून जा. मला त्या दोन मिनिटांत शाळेतून सुटल्यावर गोखले रोड ओलांडायचो ते आठवलं.

हनोईहून अडीचेक तासांवर हा लाँग. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे हजारो सुळके, १९९४ पासून जागतिक वारसा. बोटीवर रात्र काढली तर महाग पडतं, दिवसाची फेरीही छान होते. दा नांगजवळ डोंगरावर दगडी वाटणाऱ्या दोन हातांनी उचलून धरलेला सोनेरी पूल आहे, २०१८ मध्ये झालेला. सगळ्यांच्या फोटोत तोच असतो. रोपवेसकट तिकीट माणशी तीन हजारांच्या वर जातं. मला तो सोडला असता तरी चाललं असतं. त्याऐवजी होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या ‘मी सन’ या ठिकाणी जा. तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली, विटांची शिवमंदिरं. इष्टदेवाचं नाव भद्रेश्वर. १९६९ च्या बाँबहल्ल्यात मुख्य मंदिर पडलं. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे जीर्णोद्धार करत होती, आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. ठाण्याच्या, कोपिनेश्वर महादेवाच्या गावातल्या बायका तुम्ही, तिथे उभ्या राहाल तेव्हा काय वाटेल ते मी आत्ता सांगत नाही. विजेची गाडी बरंचसं अंतर नेते, गुडघेवालीलाही जमेल.

आणि पंचांग जवळ ठेवा. होई आनला दर चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि नदीत कागदी कंदील सोडतात. ती रात्र आपल्या चतुर्दशीच्या आसपासच येते. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या त्या रात्री तुम्ही तिथे असाल असं जमवता आलं तर बघा. तारखेची साठी त्या रात्री धरा.

जेवणाचं सांगायचं तर, तुमच्यात कुणी शाकाहारी असेल तर एक शब्द पाठ करा, ‘आन चाय’. शाकाहार करते, असा अर्थ. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, कारण माशाचा सॉस भाजीतही पडतो. तिथले बरेच बौद्ध लोक पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास शाकाहार पाळतात, त्यामुळे हा शब्द सगळ्यांना कळतो.

नोटांवर शून्यं फार. रुपयाला साधारण तीनशे डाँग धरा. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळसर. वीस हजार म्हणजे सत्तरेक रुपये, पाच लाख म्हणजे सोळा-सतराशे. संध्याकाळच्या उजेडात चूक होते, माझ्या बहिणीची नारळपाण्याला झाली, विकणारी बाई चांगली म्हणून तिने परत केले. वीस हजाराच्या नोटेवर होई आनचा छपराचा जपानी पूल आहे, तो बघून द्या. पाकीट सांभाळणारीला हे आधी दाखवा.

कागदपत्रांचं आत्ताच बघा. चौघींचे पासपोर्ट काढून मुदत तपासा, प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवेत. कुणाचा नसेल किंवा संपला असेल तर वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. छत्तीस पानी पासपोर्टला साधी फी १,५०० रुपये आहे, तात्काळला आणखी २,००० जातात, आत्ता सुरुवात केलीत तर ते वाचतील. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर. नाव पासपोर्टावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे लग्नानंतरची नावं, मधलं नाव, आडनाव यांत हमखास घोळ होतो. तिथल्या सरकारची खरी साइट शोधूनच भरा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइटी जास्त पैसे घेतात. प्रवास विमा काढताना रक्तदाब, साखर, गुडघ्याची शस्त्रक्रिया, काही लपवू नका. लपवलेल्या आजारावर क्लेम नाकारतात. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

ही सगळी कामं मात्र दुसरी. येत्या रविवारी दुपारी कळव्याला जा. सकाळच्या डब्यांची गडबड बारापर्यंत आवरत असेल, त्यानंतर. नेरूळच्या ताईंना सांगा, टूर कंपनीला आगाऊ रक्कम आठ दिवस देऊ नका. आणि तिने काय सांगितलं ते मला जरूर कळवा, मी वाट बघते.